उनाई एमेरी आणि आमची नायलॉनची दोरी

२०२१ च्या मे महिन्यातील बुद्धपौर्णिमेची ती रात्र होती. टाळेबंदीमुळे शाळा बंद होती, उकाड्यामुळे घरात झोप येत नव्हती, म्हणून नंदुरबारमधील आमच्या घराच्या गच्चीवर अंथरूण टाकून मी मोबाइलवर युरोपा लीग या युरोपातील क्लब फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना पाहत होतो. सामना पोलंडमधील ग्दान्स्क शहरात चालू होता. एका बाजूला मँचेस्टर युनायटेड आणि दुसऱ्या बाजूला व्हियारेआल, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या, फरशा आणि टाइल्स बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका स्पॅनिश गावाचा संघ. जादा वेळेनंतरही १-१ अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टी शूटआउट सुरू झाले. पहिले एकवीस फटके सलग जाळ्यात गेले. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा मैदानी खेळाडूंची पाळी संपली तरी कोणी चुकले नाही. मग व्हियारेआलचा गोलरक्षक जेरोनिमो रुली याने स्वतः येऊन अकरावा गोल केला, गोलपोस्टखाली जाऊन उभा राहिला आणि समोरचा गोलरक्षक दाविद दे हेआ याचा फटका त्याने अडवला. ११-१०. त्या क्लबच्या इतिहासातील ते पहिले मोठे विजेतेपद होते.

सगळे खेळाडू रुलीकडे धावले. मी मात्र पडद्यावर त्यांच्या प्रशिक्षकाला शोधत होतो. उनाई एमेरी यांची ती चौथी युरोपा लीग होती आणि इतक्या वेळा ही स्पर्धा दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाने जिंकलेली नाही. त्या सामन्यात ९० मिनिटे संपण्यापूर्वीच त्यांनी पाच बदली खेळाडू उतरवले होते. युनायटेडने पहिला बदल केला तो शंभराव्या मिनिटाला. पेनल्टीपर्यंत सामना गेला, तेव्हा पिवळ्या जर्सीतल्या मुलांचे पाय त्यामानाने ताजे होते. ही गोष्ट गुणफलकावर दिसत नाही. परंतु मी स्वतः क्रीडाशिक्षक असल्यामुळे माझे लक्ष अशाच गोष्टींकडे जाते आणि या माणसावर माझा जीव जडला तोही अशाच गोष्टींमुळे.

एमेरी यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. स्पेनचा प्रशिक्षक म्हटले की आपल्याकडे पेप ग्वार्दिओला यांचे नाव येते आणि ते योग्यच आहे. पण ग्वार्दिओला बार्सिलोनाच्या मधल्या फळीत खेळून, युरोपियन चषक (आजची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातील सर्वांत मोठी क्लब स्पर्धा) जिंकून मग प्रशिक्षक झाले. एमेरी यांच्या पाठीशी तसे काही नव्हते, आणि तरीही ते जिथे पोचले तिथे कसे पोचले, हे मला माझ्या शाळेतील मुलांना आणि माझ्यासारख्या इतर शिक्षकांना सांगावेसे वाटते.

त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९७१ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातील होंदारिबिया या गावी झाला. बिदासोआ नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावातून पलीकडच्या तीरावर पाहिले की फ्रान्स दिसतो. सीमेवरच्या गावाचे हे रूप आम्हा नंदुरबारकरांना नवे नाही. सुरतेच्या गाडीने निघालो की नवापूर स्थानक लागते, ज्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. तिथल्या एकाच बाकावर दोन माणसे दोन राज्यांत बसलेली असतात. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून दोन-तीन भाषा पडतात, आणि आपली बोली मोठ्या शहरात गेल्यावर वेगळी ठरणार आहे, हेही त्याला लवकर कळते. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

एमेरी यांच्या घरात गोलरक्षकाचे हातमोजे पिढीजात होते. त्यांचे आजोबा अंतोनियो एमेरी हे शेजारच्या इरून शहरातील रेआल उनियोन या क्लबचे गोलरक्षक. आज हा क्लब स्पेनच्या खालच्या श्रेण्यांत खेळतो. पण एकेकाळी त्याचा दबदबा होता. १९२४ आणि १९२७ मध्ये त्याने स्पॅनिश चषक जिंकला आणि १९२९ मध्ये ला लीगा ही स्पेनची पहिल्या श्रेणीची स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा संघांत तो होता. १० फेब्रुवारी १९२९ रोजी बार्सिलोनात एस्पान्योलच्या पितुस प्रात याने ला लीगाच्या इतिहासातील पहिला गोल केला, त्या वेळी समोरच्या गोलपोस्टखाली उभे होते ते अंतोनियो एमेरी. पहिला गोल करणाऱ्याचे नाव लोक लक्षात ठेवतात; ज्याच्यावर तो झाला त्याच्या नातवाने पुढे युरोपातील मैदाने गाजवावीत, हे मला फार मोलाचे वाटते. उनाई यांचे वडील हुआन हेही गोलरक्षकच होते.

उनाई स्वतः डाव्या बाजूचे मिडफिल्डर झाले. सान सेबास्तियानच्या रेआल सोसिएदादमध्ये त्यांची घडण झाली; मात्र मुख्य संघाकडून ला लीगातील त्यांचे एकूण सामने पाच, तेही १९९५-९६ च्या एकाच हंगामातले, आणि त्यांत एक गोल, तोही अल्बासेतेला ८-१ असे हरवलेल्या सामन्यातला. त्यानंतर तोलेदो, मग फेरोल, मग लेगानेस असे दुसऱ्या श्रेणीतील क्लब. तिथे ते दोनशेहून अधिक सामने खेळले. पोट भरेल, पण गल्लीबाहेर कोणी ओळखणार नाही, असे ते जिणे होते. शेवटी ते मुर्सिया प्रांतातील लोर्का या शेतीच्या, कोरड्या मुलखातल्या गावी तिसऱ्या श्रेणीच्या संघात आले. तिथे गुडघा दुखावला आणि खेळणे थांबण्याची वेळ आली.

इथेच त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. २००४-०५ च्या हंगामाच्या मध्यावर लोर्काच्या संचालकांनी संघाच्या प्रशिक्षकाला काढले आणि जखमी होऊन बाहेर बसलेल्या या तेहतीस वर्षांच्या खेळाडूला विचारले, की संघ तुम्हीच का सांभाळत नाही? कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांना आज सूचना द्यायच्या, हे किती अवघड असते, याची कल्पना ज्याने गावातल्या संघात असा बदल पाहिला आहे त्याला येईल. एमेरी यांनी ते केले. त्याच हंगामाअखेर लोर्का देपोर्तिवा इतिहासात प्रथमच दुसऱ्या श्रेणीत गेला आणि पुढच्या वर्षी तिथे पाचवा आला. पहिल्या श्रेणीची पायरी अवघ्या पाच गुणांनी राहिली.

२००६ मध्ये आल्मेरियाने त्यांना बोलावले. आल्मेरियाच्या आसपासची जमीन प्लास्टिकच्या हरितगृहांनी झाकलेली आहे आणि तिथली भाजी युरोपभर जाते. आमच्याकडे रावेर-यावलच्या केळीचे जे स्थान, तेच तिथल्या टोमॅटोचे आणि मिरचीचे म्हणता येईल. तिथेही पहिल्याच हंगामात बढती मिळाली आणि क्लब प्रथमच ला लीगात पोचला. २००७-०८ मध्ये या नवख्या संघाने आठवा क्रमांक मिळवला, आणि त्या वर्षी विजेता ठरलेल्या रेआल माद्रिदला आपल्या मैदानावर २-० असे हरवले.

मग व्हॅलेन्सिया. चार वर्षे. हा काळ मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कमी लेखला गेलेला काळ वाटतो. क्लब कर्जाच्या ओझ्याखाली होता, नव्या स्टेडियमचे बांधकाम अर्धवट पडले होते आणि २०१० च्या उन्हाळ्यात दाविद व्हिया बार्सिलोनाला व दाविद सिल्वा मँचेस्टर सिटीला विकावा लागला. असे असूनही सलग तीन हंगाम व्हॅलेन्सिया तिसरी आली. वर होते ते फक्त बार्सिलोना आणि रेआल माद्रिद, आणि त्या वर्षांतील त्या दोघांना गाठणे कोणालाच शक्य नव्हते. तरीही प्रेक्षक नाराजच राहिले, कारण एकदा तिसरा क्रमांक सवयीचा झाला की तो कोणी कमावलेला आहे, हे लोक विसरतात.

व्हिडिओ दाखवण्याच्या त्यांच्या सवयीची कीर्ती याच काळातली. त्यांच्या हाताखाली खेळलेला होआकिन पुढे म्हणाला होता, की एमेरी इतके व्हिडिओ दाखवत की पाहता पाहता पॉपकॉर्न संपून जात. आणखी एक गोष्ट स्पेनमध्ये नेहमी सांगितली जाते. त्यांनी एका खेळाडूला प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करण्यासाठी पेनड्राइव्ह दिला. दुसऱ्या दिवशी विचारले, पाहिलेस का? त्याने सांगितले, पाहिले, छान होते. पेनड्राइव्ह कोरा होता. ही गोष्ट ऐकून लोक हसतात. वर्गात गृहपाठाची वही तपासणाऱ्या माणसाला मात्र त्यात वेगळेच दिसते. मुलाने अभ्यास केला आहे की नाही, हे जाणून घेण्याची एवढी तळमळ असलेला शिक्षक मला आदरणीय वाटतो. स्वतःच्या पायांत जे कौशल्य नव्हते, ते त्यांनी पाहण्यातून, टिपून ठेवण्यातून आणि पुन्हा पुन्हा सांगण्यातून भरून काढले, आणि समोरच्यानेही तेवढेच पाहावे ही त्यांची अपेक्षा असे.

२०१२ मध्ये मॉस्कोच्या स्पार्ताकमध्ये ते काही महिनेच टिकले. दिनामोविरुद्ध ५-१ असा पराभव झाला आणि त्यांना जावे लागले.

जानेवारी २०१३ मध्ये सेव्हियाने त्यांना घेतले, तेव्हा संघ गुणतक्त्याच्या खालच्या अर्ध्यात अडकला होता. हंगाम संपला तेव्हा नववा क्रमांक होता. नवव्या क्रमांकाला युरोपची दारे उघडत नाहीत. पण मालागावर बंदी होती आणि रायो व्हायेकानोला परवाना मिळाला नाही, म्हणून सेव्हियाला युरोपा लीगची पात्रता फेरी खेळायला मिळाली. या फटीतून आत शिरलेल्या संघाने पुढच्या मे महिन्यात चषक उचलला. वाटेत शहरातल्याच बेतिसला पेनल्टीवर हरवले. उपान्त्य फेरीत व्हॅलेन्सियाच्या मैदानावर, म्हणजे एमेरी यांच्या जुन्या घरीच, सेव्हिया ३-० असा मागे होता आणि पहिल्या सामन्यातील २-० ची आघाडी पुसली गेली होती. ९४ व्या मिनिटाला दूरवरून थ्रो-इन आत आला आणि स्तेफान म्बिया याने डोक्याने गोल केला. एकूण बरोबरी झाली तर बाहेरच्या मैदानावर केलेले गोल वरचढ धरण्याच्या तेव्हाच्या नियमाने सेव्हिया तुरीनला पोचला आणि तिथे बेनफिकाला पेनल्टीवर हरवले.

२०१५ मध्ये वॉर्सात द्निप्रोविरुद्ध ३-२. २०१६ मध्ये बासेल येथे युर्गन क्लोप यांच्या लिव्हरपूलविरुद्ध ३-१. या शेवटच्या सामन्यात मध्यंतराला सेव्हिया एका गोलने मागे होता आणि लिव्हरपूल सरस खेळत होता. दुसऱ्या सत्राचा चेंडू उडाला आणि सतरा सेकंदांत केविन गामेरोने बरोबरी साधली. मग उजव्या बाजूचा कर्णधार कोके याने दोन गोल केले. मध्यंतराच्या त्या पंधरा मिनिटांत खोलीत काय बोलले गेले असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. आमच्या सामन्यांत मध्यंतर दहा मिनिटांचे असते, त्यातली चार मिनिटे पाणी पिण्यात आणि बुटांच्या नाड्या बांधण्यात जातात, आणि उरलेल्या सहा मिनिटांत मी जे सांगतो त्यातले मुलांच्या कानात किती शिरते, हे मला मैदानावर लगेच दिसते. सतरा सेकंदांत दिसावे, एवढे नीट सांगता येणे ही विद्या आहे.

सलग तीन वर्षे ही स्पर्धा जिंकणारा दुसरा प्रशिक्षक नाही. साहजिकच पॅरिस सेंट-जर्मेनने त्यांना नेले, आणि तिथे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वेदनादायक रात्र त्यांची वाट पाहत होती. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी पॅरिसने बार्सिलोनाला ४-० असे लोळवले. एवढी आघाडी चॅम्पियन्स लीगमध्ये तोपर्यंत कोणी भरून काढली नव्हती. ८ मार्चला बार्सिलोनात परतीचा सामना झाला. बार्सिलोनाने तीन गोल केले, ६२ व्या मिनिटाला पॅरिसच्या कावानीने एक फेडला, आणि आता बार्सिलोनाला आणखी तीन गोल हवे होते. ८८ व्या मिनिटापर्यंत तसेच होते. त्यानंतर नेमारचे दोन आणि ९५ व्या मिनिटाला सेर्जी रोबेर्तोचा एक. ६-१.

पंचांच्या निर्णयांविषयी त्या रात्रीनंतर पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातले काही खरे आहे. पण माझे मत असे आहे, की त्या रात्री पॅरिसचा संघ पहिल्या मिनिटापासून आपल्याच गोलक्षेत्राजवळ गोळा होऊन उभा राहिला आणि ती चूक संघाबरोबर प्रशिक्षकाचीही होती. हे मी अनुभवाने लिहितो. त्यानंतरच्या पावसाळ्यात सुब्रतो चषकाच्या विभागीय फेरीसाठी आमचा संघ नाशिकला गेला होता. दहा मिनिटे उरलेली असताना आम्ही दोन गोलने पुढे होतो. मी बाहेरून ओरडून सगळ्यांना मागे बोलावले, अगदी पुढच्या फळीतल्या पोरालाही. चिखलाने भरलेल्या त्या मैदानावर आमचे अकरा जण एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहिले, आणि चेंडू पुढे नेऊन आमच्यावरचा भार हलका करायला कोणी उरलेच नाही. तीन गोल झाले. परतीच्या बसमध्ये धुळ्यापर्यंत कोणी बोलले नाही. तो सामना मुलांनी गमावला नव्हता, मी गमावला होता, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी त्यांना तसे सांगितले.

पॅरिसमध्ये एमेरी यांनी दुसऱ्या वर्षी देशातील तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, परंतु पहिल्या वर्षी लीग मोनाकोकडे गेली होती आणि चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही वेळा संघ उपउपान्त्यपूर्व फेरीतच बाद झाला. २२.२ कोटी युरोंना आलेला नेमार आणि आघाडीचा जुना खेळाडू कावानी पेनल्टी कोणी मारायची यावरून मैदानातच हुज्जत घालताना जगाने पाहिले. ज्या खोलीत खेळाडूचा शब्द शिक्षकाच्या शब्दापेक्षा जड असतो, तिथे शिकवणे होत नाही.

२०१८ मध्ये लंडनचा आर्सेनल. बावीस वर्षे क्लब सांभाळलेल्या आर्सेन वेंगर यांच्या जागी येणे म्हणजे गावातल्या सर्वांत जुन्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसण्यासारखे होते. सुरुवातीचे दोन पराभव सोडले तर पुढे बावीस सामने संघ अपराजित राहिला. शेवट तसा राहिला नाही. एका गुणाने चौथा क्रमांक हुकला, बाकू येथील युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीने ४-१ ने हरवले, आणि पुढच्या हंगामात सात सामने विजय मिळाला नाही तेव्हा २९ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांना काढण्यात आले.

त्या काळात मला जे सर्वाधिक लागले, ते त्यांच्या बोलण्याची झालेली टवाळी. एमेरी पहिल्या पत्रकार परिषदेपासून इंग्रजीत बोलले. दुभाषा घेता आला असता, पण ज्यांच्या देशात काम करायचे त्यांच्या भाषेत बोलावे, असे त्यांनी ठरवले होते. स्पॅनिशमध्ये 'व्ह' आणि 'ब' यांचा उच्चार एकच असल्यामुळे त्यांच्या तोंडी 'गुड इव्हनिंग'चे 'गुड एबनिंग' होई. हरलेल्या प्रत्येक सामन्यानंतर हा शब्द समाजमाध्यमांवर चिकटवला जाई. डावपेचांवर टीका व्हायला हरकत नव्हती, ती मीही केली असती. उच्चारावरून माणसाची लायकी ठरवणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. आमच्या घरी अहिराणी बोलली जाते, आणि अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. शाळेची शाया होते, फळ्याचा फया होतो, डोळ्याचा डोया होतो. नोकरीच्या सुरुवातीला एका मोठ्या शहरात फुटबॉल प्रशिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. बचावाची मांडणी समजावून सांगण्याची माझी पाळी आली. मी खडू घेऊन उभा राहिलो आणि बोलण्याच्या ओघात म्हणालो, "आमच्या शायेतली पोरं..." मागच्या रांगेतून हसू आले. पुढचे तीन दिवस मला त्याच शब्दाने हाक मारली गेली. मी फळ्यावर काढलेली आकृती बरोबर होती की चूक, हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही, कारण ती कोणी पाहिलीच नव्हती. एमेरी यांना लंडनमध्ये जे ऐकावे लागले, त्यातही तेच घडले असे मला वाटते. त्यांचे ऐकणारे उच्चारापाशीच थांबले, त्यांच्या म्हणण्यापर्यंत गेलेच नाहीत.

म्हणून २०२१ च्या उपान्त्य फेरीत व्हियारेआलने आर्सेनलला बाहेर काढले, तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. समोर प्रशिक्षक होते मिकेल आर्तेता, सान सेबास्तियानचे, म्हणजे एमेरी यांच्याच गिपुस्कोआ या छोट्या प्रांतातले. या प्रांताची लोकसंख्या सुमारे सात लाख, आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा वीस संघांपैकी चार संघांचे प्रशिक्षक या एका प्रांतातले होते: आर्तेता, एमेरी, आन्दोनी इराओला आणि हुलेन लोपेतेगी. तेव्हा जर्मनीतील लेव्हरकुसेनचे प्रशिक्षक असलेले शाबी आलोन्सोही तिथलेच. लहान जागेतून माणसे घडत नाहीत, असे आमच्याकडे जे सहज म्हटले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. मैदान, नियमित सामने आणि शिकवणारी माणसे ही तीन असली तर घडतात.

पुढच्या वर्षी तोच व्हियारेआल चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत गेला. तुरीनमध्ये युव्हेंटसला ३-० आणि मग बायर्न म्युनिकला दोन सामन्यांत मिळून २-१. म्युनिकमध्ये ८८ व्या मिनिटाला चुक्वुएझेने केलेला गोल मी अजूनही अधूनमधून काढून पाहतो. बायर्नला पूर्ण वेळ चेंडू देऊन, एकच संधी मिळणार आहे हे माहीत असल्यासारखी ती चाल होती. उपान्त्य फेरीत लिव्हरपूलविरुद्ध घरच्या मैदानावर मध्यंतरापर्यंत २-० आघाडी घेऊन त्यांनी पहिल्या सामन्यातील पिछाडी पुसलीही होती. अखेर दम संपला.

त्यानंतर ते इंग्लंडला परत गेले. जिथे टवाळी झाली तिथेच. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर अॅस्टन व्हिलाने त्यांना नेमले, तेव्हा संघ तळाच्या तीन जागांच्या अगदी वरच तरंगत होता. पहिल्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडवर ३-१ असा विजय, हंगामाअखेर सातवा क्रमांक, आणि २०२३-२४ मध्ये चौथा. १९८२ मध्ये युरोपियन चषक जिंकलेला हा क्लब १९८३ नंतर प्रथमच त्या स्पर्धेत परतला. २ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हिला पार्कवर बायर्न आले. १९८२ चा अंतिम सामना व्हिलाने बायर्नविरुद्धच १-० असा जिंकला होता. बेचाळीस वर्षांनी पुन्हा १-० झाले.

व्हिलाच्या खेळात मला जी गोष्ट सर्वांत शिकण्याजोगी वाटते, ती त्यांची बचावाची रेषा. साधारण संघ आपले चार बचावपटू त्यामानाने गोलच्या जवळ ठेवतात. एमेरी त्यांना मध्यरेषेच्या जवळ नेऊन उभे करतात. पाठीमागे मोकळी जागा पडते, पण प्रतिस्पर्धी त्या जागेत धावायला निघाला की चौघे एकाच क्षणी एक पाऊल पुढे टाकतात आणि तो ऑफसाइड होतो, म्हणजे चेंडू सोडला जाताना तो त्यांच्या पलीकडे सापडतो आणि नियमाने त्याची चाल बाद ठरते. २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये प्रतिस्पर्ध्यांना सर्वाधिक वेळा ऑफसाइड पकडणारा संघ व्हिलाच होता. त्या डिसेंबरमध्ये त्यांनी चार दिवसांत मँचेस्टर सिटी आणि आर्सेनल या दोघांनाही १-० असे हरवले. सिटीला तर पूर्ण सामन्यात दोनच फटके मारू दिले. या रेषेत चौघांपैकी एकाने जरी अर्धे पाऊल मागे ठेवले, तरी सगळे कोसळते. चौघांनी एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवल्याशिवाय हे जमत नाही.

आमच्या शाळेत हे शिकवायचे कसे, याचा मी बराच विचार केला. मुलांना व्हिडिओ दाखवले. फळ्यावर काढून दाखवले. मैदानात गेल्यावर चौघे चार दिशांना. शेवटी बाजारातून गुरे बांधायची नायलॉनची दोरी आणली, पिवळी, बोटाएवढी जाड. फक्कीने मैदानावर आडव्या रेषा मारल्या आणि नववीच्या चार मुलांच्या कमरेला ती दोरी सात-सात पावलांच्या अंतराने बांधली. एक पुढे गेला की बाकीच्यांना ओढ बसे. पहिल्या दिवशी डावीकडचा मुलगा चेंडूच्या मागे पळाला आणि उरलेले तिघे त्याच्यावर जाऊन आदळले. तिसऱ्या दिवशी दोरीला झोल पडू लागला, म्हणजे ओढ बसण्याआधीच पाय हलू लागले होते. आठवड्याभरात कमरेवर लाल वळ उठले, तेव्हा मी आत जुने टॉवेल गुंडाळायला लावले. रोज सरावानंतर ते विचारत, "सर, हाई दोरी कव्हय सोडशात?"

१५ एप्रिल २०२५ च्या रात्री व्हिलाची चॅम्पियन्स लीग संपली. पॅरिसमध्ये ३-१ ने हरून आलेला संघ व्हिला पार्कवर अर्ध्या तासातच आणखी दोन गोल खाऊन बसला. एकूण ५-१. समोर एमेरी यांचा जुना क्लब, त्याच्या बाकाजवळ लुइस एनरिके. २०१७ च्या त्या रात्री बार्सिलोनाच्या बाकाजवळही हेच लुइस एनरिके होते. इथून कोणताही संघ मान खाली घालून उरलेला वेळ काढेल असे मला वाटले. व्हिलाची रेषा मात्र पुढेच सरकत राहिली. तिलेमान्स, मॅकगिन, कोन्सा असे तीन गोल झाले, आणि शेवटचा अर्धा तास पॅरिसचा गोलरक्षक दोन्नारुम्मा एकटाच त्या संघाला तारत होता. ५-४ वर सामना संपला, तेव्हा आमच्याकडे पहाटेचे अडीच वाजले होते.

एप्रिलमध्ये आमची सकाळची शाळा असते. सहाला मैदानावर पोचलो तेव्हा चौघे आधीच आलेले होते. दोन जणांनी सामना पाहिला होता आणि ते बाकीच्यांना हातवारे करून सांगत होते. मी खोलीतून दोरी आणली. उजवीकडच्या मुलाने ती माझ्या हातातून घेतली, व्यवस्थित वेटोळे करून फक्कीच्या बादलीवर ठेवली आणि म्हणाला, "सर, आते दोरी नको. आमले समजनं."

मी चेंडू मध्यरेषेपलीकडे नेला आणि पुढच्या फळीतल्या पोराला धावायला सांगितले. मी चेंडूवर पाय ठेवण्याआधीच चौघांनी एकदम पाऊल पुढे टाकले होते.